चहा पिऊन निघालं की हेल्मेटातलं ब्लूटूथ तुटतं : कारण सापडलं, उपायही

दर शनिवारी मी चाकणहून गावाकडे निघतो, साताऱ्याच्या थोडं पुढे. कात्रज ओलांडून शिरवळच्या अलीकडे येईपर्यंत हेल्मेटातलं गाणं कसं सुरळीत चालू असतं. तिथे चहाला थांबायचं. चहा झाला, किल्ली फिरवली, निघालो की पाच मिनिटांत रडगाणं सुरू. गाण्याचे दोन शब्द, मग शांतता, मग तीन शब्द. मॅपवाली बाई 'तीनशे मीटरवर' एवढंच बोलून गप्प. कोणाचा फोन आला तर रिंग वाजायची, पण उचलला की पलीकडचा नुसता 'हॅलो, हॅलो' करत बसायचा. खंबाटकीच्या पायथ्याला पोचेपर्यंत मी वैतागून सगळं बंद केलेलं असायचं.

हे चार महिने चाललं. आधी हेल्मेटाला लावलेल्या ब्लूटूथ हेडसेटच्या बॅटरीला दोष दिला, मग उन्हाला, मग तिथल्या मोबाइल टॉवरला. ब्लूटूथचा टॉवरशी काही संबंध नाही हे कळत असूनही दिला. जिथून सेट घेतला त्या दुकानात दोनदा घेऊन गेलो. तिथे काउंटरवर लावला की ठणठणीत वाजायचा. दुसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, "साहेब, जुना झालाय, नवीन घेऊन टाका." मी जवळजवळ घेतलाच होता.

मग एका शनिवारी उशीर झाला म्हणून चहाला थांबलोच नाही, आणि गाणं थेट साताऱ्यापर्यंत एकदाही न अडखळता वाजलं. म्हणजे बिघाड सेटमध्ये नव्हता, चहात होता.

चहाच्या टपरीवर नेमकं काय बदलत होतं

घरून निघताना फोन जॅकेटच्या डाव्या खिशात असतो. टपरीवर पैसे द्यायला तो बाहेर येतो, क्यूआर कोड स्कॅन होतो, आणि हात सवयीने तो पँटच्या उजव्या मागच्या खिशात सारतो. बस, एवढंच. हेडसेट हेल्मेटच्या डाव्या बाजूला, फोन उजव्या कुल्ल्याखाली, आणि मधे मी आडवा. चहासोबत वडापाव खाणारा मी, म्हणजे अडथळा काही लहान नाही.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, आणि या लहरी पाणी चांगलीच शोषून घेतं. माणसाचं शरीर बव्हंशी पाणीच. फोन आणि हेडसेटची ताकद मुळात थोडी, साधारण दहा मीटरचा पल्ला धरून केलेली. तोही मोकळ्या हवेतला, अंगातून आरपार जाण्याचा नव्हे.

मग दुकानात का वाजायचा? तर खोलीत भिंती असतात, छत असतं, कपाटं असतात. फोनमधून निघालेली लहर त्यांच्यावर आपटून वळसा घालून हेडसेटपर्यंत पोचते. महामार्गावर दोन्ही बाजूंना मोकळं रान, आपटायला काहीच नाही, त्यामुळे सरळ रस्ता अडला की विषय संपला. घरात, दुकानात किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये केलेली चाचणी म्हणूनच बिनकामाची. हे आधी माहीत असतं तर दुकानाच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

तुम्हाला तपासायचं असेल तर गाडी एखाद्या मैदानात किंवा मोकळ्या रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावा, इंजिन बंद. हेल्मेट घाला, गाणं लावा, चालवताना बसता तसे वाकून बसा. फोन आधी डाव्या खिशात, मग उजव्या, मग मागच्या, असा प्रत्येक ठिकाणी मिनिटभर ठेवा आणि मान हळूहळू दोन्हीकडे वळवा. एखाद्या खिशात मान वळवली की गाणं तुटतंय असं दिसलं, तर दुखणं सापडलं. तुमचा सेट हेल्मेटच्या उजव्या बाजूला असेल तर हे सगळं उलट वाचा.

उपाय उघड आहे : फोन सेटच्या बाजूला आणि अंगाच्या पुढच्या भागात. पेट्रोलच्या टाकीवर बसणारी टँक बॅग चालते, हँडलवरचा माउंट चालतो. सीटखालचा कप्पा किंवा ॲल्युमिनियमची पेटी चालत नाही, धातूच्या डब्यातून लहर बाहेर येणं अवघड. छातीवरच्या खिशात फोन ठेवणारे पुष्कळ आहेत. पण पडल्यावर ती कडक पाटी बरगड्यांवर येते, म्हणून मी जॅकेटच्या डाव्या कमरेकडच्या खिशात ठेवतो. पावसाळ्यात रेनकोटच्या आत फोन आणि वर भिजलेलं जॅकेट असेल तर थोडं तुटणारच. तिथे माउंट आणि वर प्लास्टिकचं पाऊच हाच मार्ग.

जाता जाता : टँक बॅग चुंबकाची असेल तर फोनचा होकायंत्राचा सेन्सर गोंधळतो. थांबलेल्या गाडीवर मॅपमधला बाण भलतीकडे तोंड करून दिसतो, चालू लागल्यावर सुधारतो. तो हेडसेटचा दोष नाही.

खिसा सुधारला, तरी 'हॅलो हॅलो' राहिलंच

गाण्याचं तुटणं थांबलं, पण चहानंतर फोन उचलला की आवाज जात नव्हता. हा दुसराच गुन्हेगार निघाला आणि तो माझ्या मनगटावर होता.

हे समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. फोन आणि हेडसेट यांच्यात एक नाही, दोन वेगळ्या वाटा असतात. गाणी आणि मॅपचा आवाज ज्या वाटेने जातो ती एकेरी : फोनकडून कानाकडे, स्टीरिओ, चांगल्या दर्जाची. कॉल ज्या वाटेने जातो ती दुहेरी, कारण माइकचा आवाजही परत यायला हवा. ती मोनो आणि अरुंद असते. दोन्ही वाटा स्वतंत्र जोडल्या जातात आणि स्वतंत्र तुटतात. त्यामुळे 'ब्लूटूथ कनेक्टेड आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणती वाट कनेक्टेड आहे, हा खरा प्रश्न.

हल्ली बाजारात कॉलिंगवाली स्मार्टवॉच पोत्याने मिळतात. अशा घड्याळाला स्वतःचा माइक आणि स्पीकर असतो, म्हणजे फोनच्या दृष्टीने तेही एक हेडसेटच. मी चहाला उतरताना हेल्मेट आरशाला अडकवून फोन घेऊन टपरीत जायचो. हेडसेट अंतरामुळे सुटायचा, घड्याळ मनगटावर असल्यामुळे जोडलेलंच राहायचं. परत आलो की हेडसेट गाण्याच्या वाटेने जोडला जायचा, कॉलची वाट मात्र घड्याळाकडेच. मग ताशी ऐंशीच्या वाऱ्यात, जॅकेटच्या बाहीखाली, पलीकडचा माणूस माझ्या मनगटाशी बोलायचा.

अँड्रॉइडवर सेटिंग असं आहे : ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा. आत 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' असे वेगवेगळे स्विच दिसतील. घड्याळाचे दोन्ही बंद करा. पावलं आणि नोटिफिकेशन ॲपमधून येत राहतात, त्यांना धक्का लागत नाही. काही घड्याळं ब्लूटूथच्या यादीत दोन नावांनी दिसतात, त्यातलं कॉलचं नाव सरळ काढून टाका. मग हेडसेटच्या नावावर जाऊन तिथले दोन्ही स्विच चालू आहेत ना, ते पाहा. कॉल चालू असताना स्क्रीनवर आवाज कुठे पाठवायचा ते निवडण्याचं बटणही असतं, पण ते थांबून दाबायचं.

गाडीचा कन्सोलही रांगेत उभा असतो

आता सव्वाशे सीसीच्या स्कूटरच्या कन्सोललाही, म्हणजे हँडलसमोरच्या मीटरच्या पडद्यालाही, ब्लूटूथ असतं. टीव्हीएसने २०१८मध्ये एनटॉर्कवर ते आणलं, रॉयल एनफिल्डने २०२०मध्ये मीटिअरवर ट्रिपर हा रस्ता दाखवणारा छोटा गोल पडदा दिला, आणि मग सगळ्यांनीच रांग लावली. सगळ्यांचं वागणं एकसारखं नसतं. काही कन्सोल फक्त ॲपकडून माहिती घेऊन बाण आणि फोन करणाऱ्याचं नाव दाखवतात, त्यांचा आवाजाशी संबंध नसतो. काही मात्र कॉलची वाट स्वतःकडे घेतात आणि हेडसेट गाडीलाच जोडला जावा अशी अपेक्षा धरतात. म्हणजे साखळी अशी : फोन गाडीला, गाडी हेडसेटला. त्या गाडीवर तुम्ही हेडसेट थेट फोनलाही जोडून ठेवला असेल, तर किल्ली फिरवताच ओढाताण होणार.

ओळखायचं कसं? किल्ली बंद ठेवून, इंजिन न लावता, कोणाला तरी फोन करायला सांगा. आवाज नीट आला, आणि किल्ली चालू करून पुन्हा घेतलेल्या कॉलमध्ये नाहीसा झाला, तर दोष कन्सोलचा. त्याच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'फोन कॉल'चा स्विच दिसत असेल तर बंद करून बघा. दिसत नसेल तर तो त्या भानगडीत नाही.

कन्सोलवर बाणच येत नाहीत, ही तक्रार वेगळी. तिचं उत्तर बहुतेक वेळा परवानग्यांत असतं. गाडीच्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची, लोकेशनची, आणि अँड्रॉइड १२पासून पुढे 'जवळपासची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी लागते. फोन अपडेट झाल्यावर 'कालपर्यंत चालत होतं' म्हणणाऱ्यांनी आधी इथे बघावं. शिवाय बरेच फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप गुपचूप झोपवतात. स्क्रीन बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बाण गोठत असेल किंवा मॅपची बाई मुकी होत असेल, तर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' निवडा.

गाणं एकदम डबड्यातून आल्यासारखं वाजतंय

चांगलं चाललेलं गाणं अचानक मध्यम लहरींवरच्या रेडिओसारखं होतं, सपाट आणि खरखरीत. कारण वर सांगितलेल्या दोन वाटाच. कुठल्या तरी ॲपने हेडसेटचा माइक उघडला की फोन सगळा आवाज कॉलच्या अरुंद वाटेने पाठवायला लागतो. ग्रुप राइडला इंटरकॉमऐवजी (हेडसेट ते हेडसेट थेट बोलण्याऐवजी) व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल चालू ठेवणाऱ्यांना हे हमखास भेटतं. कॉल चालू तोवर गाणं असंच वाजणार, याला औषध नाही. कॉल नसतानाही होत असेल तर व्हॉइस असिस्टंट, रेकॉर्डिंगचं किंवा कॅमेऱ्याचं ॲप मागे चालू आहे का पाहा. नव्या फोनवर माइक वापरात असला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात लहानसा ठिपका दिसतो, तो खोटं बोलत नाही.

व्हॉट्सॲप कॉलबद्दल माझं मत : ताम्हिणीसारख्या घाटात जायचं असेल तर त्यावर विसंबू नका. नेटवर्क गेलं की कॉल गेला, आणि सगळे एकाच वेळी फोन काढून बघायला लागतात. इंटरकॉमला नेटवर्क लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा : दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट ज्या 'युनिव्हर्सल' पद्धतीने जोडतात, त्यात समोरचा सेट बऱ्याचदा फोनचं सोंग घेऊन कॉलची जागा अडवतो. मागे बसलेल्या बायकोशी बोलणं सुरू झालं आणि फोनचे कॉल यायचे बंद झाले, तर बिघाड समजू नका.

मॅपची बाई

गाणं वाजतं पण मॅप बोलत नाही, तर क्रमाने पाहा. नॅव्हिगेशन चालू असताना स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह असतं, ते म्यूटवर असू शकतं. हातमोज्याने चुकून दाबलं जाणं रोजचं आहे. मग गुगल मॅपच्या नॅव्हिगेशन सेटिंगमध्ये 'ब्लूटूथवर आवाज द्या' चालू हवं. 'कॉल चालू असताना आवाज द्या' हा वेगळा स्विच आहे, तो मी बंद ठेवतो. एका कानात आई आणि दुसऱ्या कानात वळण, दोन्ही नीट ऐकू येत नाही. वाऱ्यात बाईचा आवाज दबत असेल तर तिथेच तिचा आवाज गाण्यापेक्षा मोठा करता येतो.

'...वीकडे वळा' एवढंच ऐकू येतं, डावीकडे की उजवीकडे ते कापलं जातं? गाणं बंद असताना हेडसेट वीज वाचवायला गाण्याची वाट झोपवतो. बाई बोलायला लागते तेव्हा ती जागी व्हायला क्षणभर लागतो, आणि नेमका तोच शब्द गिळला जातो. यावर माझा जुगाड म्हणजे हळू आवाजात काहीतरी चालू ठेवणं, वाट जागी राहते.

खंबाटकीच्या किंवा कशेडीच्या बोगद्यात बाई गप्प बसली तर तिला दोष देऊ नका. आत उपग्रहांचा सिग्नल पोचत नाही. नेटवर्क नसलेल्या घाटांसाठी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. आणि मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला आहे ना, ते एकदा बघा. चारचाकीवर राहिलं तर बाई तुम्हाला बिनदिक्कत मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घालते, जिथे दुचाकीला बंदी आहे.

आवाज येतो, पण कळत नाही

यातलं निम्मं ब्लूटूथचं नसतंच. स्पीकर कानाच्या भोकासमोर नसून बोटभर पुढे किंवा खाली बसलेला असतो. चीक पॅड, म्हणजे गालाजवळची गादी, काढा, हेल्मेट घाला, आत बोट घालून कानाचं भोक नेमकं कुठे येतं ते चाचपा आणि वेल्क्रो तिथे हलवा. ज्यांचे कान आत बसलेले आहेत त्यांनी स्पीकरमागे फोमची एक चकती वाढवावी. मला एवढ्यानेच आवाज दोन पायऱ्या कमी करता आला.

ते महत्त्वाचं अशासाठी की ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटातला नुसता वारा ९० डेसिबलच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरते. वाऱ्यावर मात करायला आपण गाणं आणखी वर नेतो, आणि घरी पोचल्यावर कानात शिट्टी वाजते. व्हायझरची फट बंद करा, हनुवटीखालून येणारा वारा मफलरने अडवा, मग आवाज वाढवायचा विचार करा. हेल्मेटखाली इअरबड घालू नका. कान दुखतात, निसटलं तर हात आत घालायचा मोह होतो, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही.

आवाज फुल करूनही बारीकच येत असेल तर फोनचा आणि हेडसेटचा आवाज असे दोन वेगळे आहेत का ते पाहा, दोन्ही वाढवा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत 'ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा' असा, हे दोन्ही आवाज वेगळे करणारा स्विच असतो. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीतल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ते पर्याय दिसतात. काही सेटवर हा स्विच जादू करतो, काहींवर काहीच नाही.

पलीकडच्याला फक्त वारा ऐकू येतो? माइकवरची स्पंजची टोपी हरवलेली असते, दहापैकी सहा वेळा. ती लावा आणि माइक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकेल असा ठेवा. काही माइकना आतली आणि बाहेरची बाजू असते, खूण तोंडाकडे हवी.

उन्हात, पावसात, कंपनात

एप्रिल-मेमध्ये माउंटवरचा फोन तापून स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. तो चार्जरचा दोष नाही. चार्जिंग सोडा, फोन सावलीत खिशात घाला. पावसात ओल्या पोर्टमध्ये पिन खुपसू नका आणि हेडसेटच्या पोर्टचं रबरी झाकण दाबून बसवा. कंपनाबद्दल ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच सांगितलं की मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाडीवर माउंट वापरायचा तर कंपन शोषणारा रबरी जोड घ्याच.

सगळं करूनही नाही तर

फोनवर हेडसेट 'विसरा' करणं पुरेसं नाही. हेडसेटच्या आठवणीत जुने फोन तसेच राहतात आणि तो त्यांना शोधत बसतो. सोबतच्या पत्रकात दिलेली फॅक्टरी रीसेटची बटणं दाबा, फोनवरून नाव काढा, दोन्ही बंद-चालू करा. मग घड्याळ आणि गाडी बंद ठेवून आधी हेडसेट एकटा जोडा. तो नीट चालला की बाकीचे एकेक करून आणा. ज्याच्यानंतर बिघडलं, तो चोर.

हे किंवा वरचं काहीही चालू गाडीवर करू नका. १ सप्टेंबर २०१९पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये हातात फोन धरून वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, आणि पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड राहू द्या, साताऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो.

एवढ्यानंतरही एकाच कानात आवाज येत असेल तर ज्या सेटमध्ये स्पीकरच्या पिना निघतात, त्यात डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून बघा. मुका कान बदलला तर मुख्य डबी गेली, त्याच कानात राहिला तर स्पीकर गेला. स्पीकर स्वस्तात वेगळा मिळतो. दुकानात जाताना हे सांगून जा, म्हणजे 'नवीन घेऊन टाका'वर बोळवण होत नाही. मोकळ्या मैदानात आवाज तुटतानाचा व्हिडिओ सोबत असला तर आणखी बरं, कारण काउंटरवर लावला की तो ठणठणीतच वाजणार आहे.

माझा जुना सेट अजून चालू आहे. टपरीवाल्याला आता पैसे रोख देतो.